माकडतापाचा ठपका एकट्या वानरावर कशासाठी?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील माकडतापावरील वृत्तात 'माकडांचा बंदोबस्त केला की साथही आटोक्यात येईल' असा निष्कर्ष काढला आहे, तो वाचून सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा परिसरातील बागायतदारांनी कपाळावर हात मारला असेल. विषाणू माणसाच्या अंगात येतो तो गोचिडीच्या चाव्यातून, आणि वानरही त्याच चाव्याने मरते. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू प्रथम सापडला, तोही आजारी माकडातच.

गोचिडीची पिल्ले रानउंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी आणि माकडे यांच्या अंगावर वाढतात, तर पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात रानात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर पोसली जाऊन तिथेच पाचोळ्यात अंडी घालते. गुरे या रोगाने आजारी पडत नाहीत, पण गोचिडींची संख्या त्यांच्यामुळेच वाढते. अर्थात 'गुरांचा बंदोबस्त करा' असा मथळा देण्याचे धाडस आपण करणार नाही, हे आम्ही समजू शकतो.

गेल्या फाल्गुनात आमच्या काजूच्या बागेत एक वानर मरून पडले. मेलेल्या वानराचे अंग थंड पडू लागले की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरून आसपासच्या पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यापाचोळ्यात, पसरतात, म्हणून शव तातडीने तपासणीनंतर जाळून त्या जागेवर कीटकनाशकाची भुकटी टाकावी लागते. मी एका कार्यालयाला कळवले, तर त्यांनी हे काम दुसऱ्या खात्याचे असल्याचे सांगितले. त्या खात्याने आधी पंचनामा झाला आहे का, अशी अत्यंत सौजन्याने विचारणा केली. दरम्यान कुत्र्यांनी ते शव ओढून नेले आणि भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, पातेरा गोळा करणाऱ्या बायका त्याच जागेवरून भारे वाहत राहिल्या. भुकटी आली तेव्हा कोठे टाकायची, हे दाखवायला शवही उरले नव्हते. आपल्या वार्ताहराने माकडे मोजण्याऐवजी अशी किती शवे वेळेत उचलली गेली, याची चौकशी केली असती तर बरे झाले असते.

जाता जाता एक विनंती. वृत्तासोबत गोचीड म्हणून छापलेले छायाचित्र सहा पायांच्या ढेकणाचे आहे. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. आपल्या छायाचित्रकाराने इकडे यावे. कोणत्याही म्हशीच्या कानामागे त्याला हवे तितके नमुने मिळतील.

आपला,
एक वाचक, दोडामार्ग