पेन्सिलीनं लिहिलेला फितूर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात एक हेरकथा वाचली. वाचनालयातला मराठी अनुवाद, पुठ्ठा सुटलेला, मधली पानं दोऱ्यानं शिवलेली. तंबाखूच्या वखारीत पस्तीस वर्षं हिशेब लिहिला, तेव्हा असलं काही वाचायला सवड नव्हती. आता गुडघे धरलेत, सवडच सवड. कथा शीतयुद्धातल्या बर्लिनची. चाळिसाव्या पानावर आधीच्या कुणा वाचकानं एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढून समासात लिहून ठेवलेलं, ‘हाच फितूर’. रहस्यकथा वाचणाऱ्यावर याहून मोठा अन्याय नाही. ग्रंथपालांना दाखवलं तर म्हणतात, “खोडरबर देऊ का?”

त्या पात्राचा गुन्हा काय? तो दोन भाषा सारख्याच सफाईनं बोलतो आणि दोन्हीकडच्या चहावाल्यांना नावानं ओळखतो. एवढंच. वाचून मी पुस्तक मिटलं. या हिशेबानं आमचं अख्खं निपाणी गाव फितूर! सकाळी दूधवाल्याशी कन्नड, घरात मराठी, बागवानाशी हिंदी. ‘स्वल्प तडीरी’ म्हणता म्हणता ‘थांबा की जरा’ कधी तोंडात येतं ते कळतही नाही. कचेरीच्या खिडकीवर अर्ज कन्नडमधून लागतो आणि खिडकीतले साहेब आत चहा पिताना एकमेकांशी मराठीत बोलतात. पुण्यात पुतण्याकडे गेलो होतो. रिक्षावाल्याला म्हटलं, “काय करालास बाबा, जरा थांब की.” त्यानं वळून बघितलं. “काका, कर्नाटकातले का?” पुस्तकातला हेर एका आकड्याच्या उच्चारावरून सापडतो, मी एका ‘की’वरून सापडलो.

लपवायची भाषा कशी असते, ते आम्हाला ठाऊक नाही असं नाही. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, तोंडानं दोघे पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. जुने व्यापारी नंदभाषेत आकडे बोलत: केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन. गिऱ्हाइकाला कळू नये हाच त्यातला हेतू. आमची मराठी-कन्नड सरमिसळ मात्र समोरच्याला पटकन कळावं म्हणून झालेली. तरी संशय हिच्यावरच.

पुस्तकात एक पूल येतो. तो खराच आहे: हाफेल नदीवरचा ग्लीनिके पूल, एका टोकाला तेव्हाचं पश्चिम बर्लिन, दुसऱ्या टोकाला पॉट्सडॅम. १० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकेनं तिथं रुडॉल्फ आबेल हा सोव्हिएत हेर सोडला आणि बदल्यात यू-२ या टेहळणी विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स परत घेतला. वाचताना मला आमच्या जवळचा, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळीचा नाका दिसत होता. २०२१ साली कोरोनात महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआरचा दाखला लागायचा. धाकटी बहीण कागलला दिलेली, आणि आईचा चष्मा राहिला तिच्याकडे. अर्ध्या तासाचं अंतर, पण दाखल्याला दोन दिवस. शेवटी ती पलीकडून आली, मी अलीकडून. मध्ये बॅरिकेड, त्याला टेकून डांबराचा रिकामा पिंप. पोलीस म्हणाला, “अल्ले इडरी,” म्हणजे तिथंच ठेवा. तिनं स्टीलचा डबा पिंपावर ठेवला आणि चार पावलं मागे सरली. मी जाऊन डबा उचलला: आत रुमालात गुंडाळलेला चष्मा, वर चार शेंगापोळ्या. तिच्यासाठी आणलेली मशेरीची पुडी मी पिंपावर ठेवली. पोलिसानं ती उचलून वास घेतला आणि चक्क मराठीत म्हणाला, “मशेरी व्हय? आमच्या आईलाबी लागती.” बहीण तिकडून हसली. मास्कमुळे दिसलं नाही, पण खांदे हलत होते. (आईनं शेंगापोळ्या आधी खाल्ल्या, चष्मा नंतर घातला.)

सीमाप्रश्नावर माझं मत आहे आणि आपल्या वाचकांना ते नवीन नाही. १९५६ पासून आम्ही ते सांगतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र त्या पेन्सिलवाल्यासाठी आहे, कारण तो आता मोबाईलवर बसलाय. कुठे गाडीला काळं फासल्याचा व्हिडिओ येतो; कुठला, कधीचा, कुणी विचारत नाही, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत नावं घेतली जातात: अमका त्यांच्यातला, तमका फुटलेला. कौटिल्यानं अर्थशास्त्रात सांगितलंय की तीन हेरांची बातमी एक निघाली तर विश्वास ठेवावा. ते तिघे एकमेकांना ओळखत नसले पाहिजेत, यातच सगळी मेख आहे. शतकानुशतकं हरवलेलं हे पुस्तक १९०५ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती ताडपत्रांवर आलं आणि १९०९ मध्ये छापलं गेलं. म्हणजे आपल्याच राज्यातून ते जगाला मिळालं. दहा ग्रुपांवर एकच व्हिडिओ आला तर ते दहा हेर झाले नाहीत. एकच हेर दहा दारांत जाऊन ओरडतोय.

म्हणून आपल्याला एक विनंती. वाद पेटतो तेव्हा दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवरून माघारी फिरतात. अशा दिवशी पहिल्या पानावर चौकट टाका: कुठली गाडी कुठपर्यंत जाते, शेवटची परत कधी. दोन्ही आगारांना विचारून आणि स्टँडवर माणूस उभा करून, म्हणजे तीन हेर होतील. कोल्हापूरला डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या म्हातारीला त्या चौकटीचा अग्रलेखापेक्षा जास्त उपयोग आहे. राग मानू नये. अग्रलेखही मी वाचतो.

पुस्तक काल रात्री संपलं. फितूर भलताच निघाला, पेन्सिलवाला साफ चुकला होता. कोण ते इथं लिहीत नाही, पुस्तक उद्या परत जाणार आहे आणि आणखी दोघं रांगेत आहेत. खोडरबर मागून घेतलं. रेघ गेली, पण पेन्सिल दाबून लिहिलेलं असल्यानं कागदावर खोबण राहिली आहे. उजेडाकडे धरलं की अजून वाचता येतं.

आपला,
एक वाचक, निपाणी