आजार संध्याकाळचा, ओपीडी सकाळची

संपादक महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं की त्याची बातमी आपल्या अंकात येते. मोतीबिंदू किती निघाले, चष्मे किती वाटले, सगळं त्यात असतं. मी त्या बातम्या नेमाने वाचतो, कारण गेली अडीच वर्षं डोळा हाच माझ्या घरातला विषय आहे. या शिबिरांत आणि चष्म्याच्या दुकानांत एकाचे दोन दिसणाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न आवर्जून विचारला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी 59 वर्षांचा. 34 वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणतो. विणकराचं काम हाताचं दिसतं, पण ते डोळ्याचं आहे. ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली, तार तुटली की शेकडो तारांतून ती हुडकायची, फणीतून ओढायची, गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. एके दिवशी दुपारी चारच्या पुढे तुटलेल्या तारेची दोन टोकं मला चार दिसायला लागली. शेजारी-शेजारी, जरा तिरकी. चिमटीत धरायला गेलो तर चिमूट रिकामी. तोंडावर पाणी मारलं, दहा मिनिटं डोळे मिटून बसलो, तेव्हा ठीक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच नाही. दुपार कलली की पुन्हा तेच.

वयाचा भाग समजून चष्म्याच्या दुकानात गेलो. अर्धी पाळी बुडवायची म्हणजे सकाळीच जायचं. सकाळी मी पाटीवरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. तीन महिन्यांत दोन चष्मे झाले. मग एका दवाखान्यात दाखवलं, तेही सकाळी. मोतीबिंदू अजून कच्चा आहे, सहा महिन्यांनी या, असं सांगितलं. खोटं नव्हतं ते. मोतीबिंदू होताच, पण माझं दुखणं वेगळं होतं.

पुढे डावी पापणी उतरू लागली. संध्याकाळी सहाला ती बुबुळाच्या निम्म्यावर यायची. मुकादमाने चार माणसांदेखत विचारलं, ‘दुपारी बाहेर जाऊन पिऊन येतोस काय?’ माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्याचाही फार दोष नाही म्हणा. पापणी लोंबतेय, तार धरताना चाचपडतोय, असा माणूस बघून दुसरं काय वाटणार?

त्यानंतरच्या जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला संध्याकाळी होम मैदानावर गेलो. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, सात असतात हे सोलापुरातलं शेंबडं पोरही सांगेल. मला ते चौदा दिसत होते. मी नातीचा हात घट्ट धरून उभा राहिलो आणि पहिल्यांदाच मनातून घाबरलो. गड्ड्याच्या जत्रेत तिने आमचा फोटो काढला, त्यात माझा डावा डोळा जवळजवळ मिटलेला होता.

तोच फोटो कामी आला. घराजवळच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हाही सकाळच होती आणि डोळा चांगला होता. पण त्यांनी विचारलं, ‘संध्याकाळचा एखादा फोटो आहे का?’ फोटो पाहिला आणि म्हणाले, ‘मान न हलवता छताकडे बघत राहा.’ मिनिटभरात पापणी खाली यायला लागली. बीमवरचा ताण सैल झाला की तारा लोंबतात, तशी. मग रुमालात बर्फ गुंडाळून त्यांनी मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. रुमाल काढला तर पापणी वर! माझी बायको समोर बसली होती. तिने तोंडाला पदर लावला.

तिथून मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे, रक्ताची तपासणी, छातीचा सीटी स्कॅन. आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. अमिताभ बच्चनना झाला होता तोच. मज्जातंतू स्नायूला निरोप पाठवतो, पण तो झेलण्याची जी जागा स्नायूवर असते तिच्यावरच आपल्या शरीरातली, एरवी रोगजंतूंशी लढणारी, प्रतिपिंडं हल्ला करतात. त्यामुळे स्नायू सुरुवातीला नीट चालतो, वापरत गेलं की थकतो आणि विसावा मिळाला की पुन्हा उठतो. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, तिच्यातला बिघाड पाहायला तो स्कॅन. एकेका डोळ्याला हलवणारे सहा-सहा स्नायू आहेत आणि ते दिवसभर राबतात. या आजाराच्या निम्म्याहून जास्त रोग्यांना सुरुवात डोळ्यांपासूनच होते. उष्म्याने त्रास वाढतो आणि गारव्याने उतरतो, म्हणून तो बर्फ. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली माग चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आज पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या घड्याळ लावून घेतो. चार मागांऐवजी दोनच सांभाळतो, पण तार पुन्हा एकच दिसते. काही अँटिबायोटिक औषधांनी हा आजार बळावतो, म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलो की आधी आजाराचं नाव लिहिलेला कागद पुढे करतो. मला राग वाया गेलेल्या वर्षाचा आहे. हाच आजार घशात उतरला तर घास गिळता येत नाही, आणि छातीच्या स्नायूंत गेला तर श्वास अडकतो. मी त्या वर्षात चष्म्याच्या काचा बदलत बसलो होतो.

तर तो प्रश्न असा: दोन दिसत असताना एक डोळा हाताने झाकला तर एकच दिसतं का? कुठलाही एक डोळा झाकून दोनाचं एक होत असेल, तर दोन डोळ्यांची जोडी जुळत नाही. म्हणजे बिघाड डोळे फिरवणाऱ्या स्नायूंत, नसांत किंवा मेंदूत असू शकतो आणि तपास त्या दिशेने व्हायला हवा. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील, तर बहुधा त्या डोळ्यातच काही आहे. मोतीबिंदू, नंबर वगैरे. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. मला एकाही दुकानात हे कुणी विचारलं नाही.

दोन दिसणाऱ्या प्रत्येकाला माझाच आजार असतो असं नाही. आमच्याच कारखान्यातल्या एकाचा डोळा मधुमेहामुळे नाकाकडे वळून बसला होता. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस दुखावली होती. साखर ताब्यात आणली आणि तीनेक महिन्यांत तो सरळ झाला. पण अचानक दोन दिसू लागलं आणि सोबत डोकं भयंकर दुखतंय, एका डोळ्याची बाहुली मोठी झालीय, तोंड वाकडं होतंय किंवा हातपाय लुळे पडताहेत, तर मात्र सकाळ-संध्याकाळ न बघता थेट मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्यावं.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांना आणि सरकारी रुग्णालयाला माझी विनंती आहे की आठवड्यातून एक दिवस तरी डोळ्यांची तपासणी संध्याकाळी सहानंतर ठेवा. यंत्रमाग कामगार आणि विडी वळणाऱ्या बायका यांची त्या वेळी रोजी बुडत नाही, आणि दिवसभर लपून बसलेला आजार तेव्हाच समोर येतो. तोवर घरच्यांनी संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा. मुकादमांनीही पापणी उतरलेला माणूस पाहिला तर तोंड हुंगण्याआधी त्याला तो एक प्रश्न विचारावा.

असं संध्याकाळचं शिबिर पूर्व भागात कुणी भरवणार असेल तर पाळी सुटल्यावर मी येऊन बसेन आणि रांगेतल्या प्रत्येकाला एक डोळा झाकायला सांगेन.

आपला,
टॉवेल कारखान्यातला एक विणकर
पूर्व भाग, सोलापूर