निवडुंगाची भाजी करण्याआधी चीक पाहा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या पुरवणीतील निवडुंगाच्या भाजीविषयीचा मजकूर आमच्या गावात आवडीने वाचला गेला. परंतु सोबतचे छायाचित्र त्रिधारी निवडुंगाचे होते आणि ही चूक एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपण निवडुंग या एकाच नावाने दोन वेगळ्या कुळांतील झाडे ओळखतो. त्रिधारी निवडुंग, काटेथोर आणि शेर ही एरंडाच्या कुळातील झाडे असून त्यांना खरचटताच पांढरा चीक येतो. दोन वर्षांपूर्वी शेताच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) काटेथोर तोडताना माझ्या धाकट्या भावाच्या डोळ्यात या चिकाचा थेंब उडाला; बराच वेळ डोळा धुऊन लगेच दवाखान्यात नेले, तरी तीन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता. खाण्याजोगा आहे तो फड्या निवडुंग, मूळचा अमेरिका खंडातील. मेक्सिकोत त्याच्या कोवळ्या फड्यांची भाजी रोजच्या जेवणात असते. त्याचे फडे तळहातासारखे चपटे असतात, कापल्यावर भेंडीसारखी तार सुटते आणि पांढरा चीक मुळीच येत नाही. चीक दिसला, तर ते झाड खाण्याचे नाही, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असावे.

आमच्याकडे तळहाताएवढा कोवळा फडा सांडशीत धरून चुलीच्या जाळावर फिरवतात. काट्यांच्या बुडाशी असलेली केसासारखी बारीक कुसळे तडतडत जळतात. ती राहिली तर जिभेत रुततात, आणि बिनकाट्याच्या जातीतही ती असतातच. मग सुरीने खरवडून, चिरून, कांदा-लसणाच्या फोडणीत तार मोडेपर्यंत परतायचे. हे झाड रात्री हवा आत घेऊन तिचे आम्ल साठवते, त्यामुळे पहाटे काढलेला फडा आंबट लागतो, तर दुपारनंतरचा सौम्य. ज्वारीच्या भाकरीसोबत मला आंबटच आवडतो. लाल बोंडेही कुसळे काढून, साल सोलून खाता येतात.

लागवड सोपी आहे, मात्र विदर्भातील काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून बुड सडते, त्यामुळे बरड, मुरमाड जागाच निवडावी. फडा कापून दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवावा, कापाला खपली धरली की एक तृतीयांश मातीत उभा रोवावा आणि लगेच पाणी देऊ नये. काटेरी जात पडलेल्या तुकड्यातूनही फुटते आणि पुढे आवरत नाही. म्हणून बिनकाट्याचीच लावावी. तिच्यावर चाऱ्याच्या दृष्टीने झाशीच्या चारा संशोधन संस्थेने काम केले आहे. फड्यात सुमारे ९० टक्के पाणी असते, त्यामुळे जनावरांना तो एकटा न देता कुटारात (कोरड्या भुशात) मिसळून द्यावा.

दोन्ही झाडांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापून आपण लवकरात लवकर दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा