‘द आउटर लिमिट्स’ मालिकेच्या संचातील कापलेली चित्रचौकट आणि सदोष डिस्क यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘मूळ स्वरूपात’ असे छापून विकलेल्या डीव्हीडी संचातील काटछाट आणि न चालणाऱ्या डिस्क, संच बदलून मिळणे अथवा पूर्ण रक्कम परत मिळणे.

संदर्भ : सोबत जोडलेली खरेदीची पावती आणि आपल्या विभागाचे ई-मेल उत्तर.

महोदय,

आपल्या कंपनीने विक्रीस आणलेला ‘द आउटर लिमिट्स’ या विज्ञानकथांच्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा डीव्हीडी संच मी आपल्याच संकेतस्थळावरून पूर्ण किंमत भरून विकत घेतला. संचाच्या वेष्टनावर ‘मूळ स्वरूपात, दोन्ही पर्वे, सर्व ४९ भाग’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. प्रत्यक्षात संचातील एकही भाग मूळ स्वरूपात नाही आणि एक भाग तर शेवटपर्यंत चालतच नाही. या दोन्ही गोष्टी मी आधी दूरध्वनीवरून आणि नंतर ई-मेलने आपल्या विभागाला कळवल्या होत्या. त्यावर आलेल्या उत्तरात माझ्या मुख्य मुद्द्याला हातच घातलेला नसल्यामुळे हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

माझी मुख्य तक्रार चित्राच्या चौकटीविषयी आहे. ही मालिका सप्टेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात एबीसी वाहिनीवरून प्रसारित झाली. त्या काळच्या सर्व मालिकांप्रमाणे तिची चौकट ४:३ या प्रमाणात, म्हणजे आजच्या टीव्हीच्या मानाने बरीचशी चौकोनी होती. आपल्या संचात मात्र प्रत्येक भाग आजच्या रुंद टीव्हीचा पडदा भरून दिसतो. चित्र ताणलेले नाही, माणसे जाड दिसत नाहीत, त्यामुळे प्रथमदर्शनी काही बिघडल्याचे लक्षातही येत नाही. पण ४:३ चे चित्र आजच्या रुंद टीव्हीच्या १६:९ या प्रमाणात बसवायचे तर वरून आणि खालून मिळून त्याची एकचतुर्थांश उंची कापावी लागते, आणि तेच येथे केलेले आहे. म्हणजे ४९ भागांपैकी प्रत्येक भागातील प्रत्येक दृश्याचा पाव हिस्सा ग्राहकाला दिलेलाच नाही. काठ कापून काढलेली पैठणी कोणी ‘अस्सल आणि संपूर्ण’ म्हणून विकली, तर गिऱ्हाईक ती घडी मोडताक्षणीच परत करील. येथे कापलेला भाग डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

ही मालिका निव्वळ कथेसाठी पाहण्याची नाही, म्हणून ही काटछाट अधिक गंभीर आहे. लेस्ली स्टीव्हन्स यांनी ती निर्माण केली आणि पहिल्या पर्वाची निर्मिती जोसेफ स्टेफानो यांनी सांभाळली. प्रत्येक भागात नवी कथा, नवी पात्रे आणि बेताचा खर्च अशा परिस्थितीत त्यांनी परग्रहाचे वातावरण उभे केले ते मुख्यतः प्रकाश आणि सावलीच्या बळावर. पहिल्या पर्वातील अनेक भागांचे छायाचित्रण कॉनरॅड हॉल यांचे आहे, ज्यांना पुढे चित्रपटांच्या छायाचित्रणासाठी तीन वेळा ऑस्कर मिळाले. त्यांच्या चौकटीत चेहरा कित्येकदा खालच्या कोपऱ्यात असतो आणि वरचा सारा भाग काळोखाने व्यापलेला असतो. तो काळोख म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. पात्राच्या डोक्यावर काहीतरी दबा धरून आहे, ही जाणीव त्यातूनच होते. वरचा पट्टा कापल्यावर उरतो तो केवळ संवाद म्हणणारा चेहरा.

ऐकीव माहितीवर मी हे लिहीत नाही. अमेरिकेत राहत असताना घेतलेली ‘द आर्किटेक्ट्स ऑफ फिअर’ या भागाची व्हीएचएस कॅसेट माझ्याकडे अजून सुस्थितीत आहे. ती आणि आपली डिस्क शेजारी शेजारी लावून, तीच दृश्ये दोन्हींवर थांबवून मी छायाचित्रे काढली आहेत. ती सोबत जोडली आहेत. ३० सप्टेंबर १९६३ रोजी प्रसारित झालेल्या या भागात, जगातील राष्ट्रे एकमेकांशी लढायची थांबावीत म्हणून काही शास्त्रज्ञ आपल्यातल्याच एकाचे शरीर बदलून त्याला परग्रहावरचा प्राणी बनवतात आणि मानवजातीपुढे एक खोटा समान शत्रू उभा करू पाहतात. तो प्राणी माणसापेक्षा पुष्कळ उंच आहे आणि त्याची भीती त्या उंचीत आहे. कॅसेटवर तो डोक्यापासून पायांपर्यंत दिसतो. आपल्या डिस्कवर एकतर त्याचे डोके दिसते नाहीतर पाय. शेवटी त्याची पत्नी त्याला ओळखते ती दोघांमधल्या हाताच्या एका खुणेवरून. कथेचा सारा भार ज्या खुणेवर आहे तीसुद्धा या संचात चौकटीच्या कडेला लागून अर्धवट दिसते. पहिल्या प्रसारणाच्या वेळी काही स्थानिक केंद्रांनी हा प्राणी फार भयंकर आहे म्हणून तेवढ्यापुरता पडदा काळा ठेवला होता, ही गोष्ट या मालिकेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या प्रेक्षकांना आपल्यापासून काही लपवले जात आहे हे निदान कळत तरी होते.

दुसरे उदाहरण दुसऱ्या पर्वातील आहे. हार्लन एलिसन यांनी लिहिलेला आणि बायरन हॅस्किन यांनी दिग्दर्शित केलेला ‘डेमन विथ अ ग्लास हँड’ हा भाग (१७ ऑक्टोबर १९६४) बहुतांशी एकाच इमारतीत, लॉस एंजेलिसमधील ब्रॅडबरी बिल्डिंगमध्ये घडतो. १८९३ साली बांधलेली ही पाच मजली इमारत आजही उभी आहे. तिच्या मधोमध छतापर्यंत मोकळा चौक आहे, वर काचेचे छप्पर, भोवती नक्षीदार लोखंडी कठडे आणि जिने, आणि जाळीच्या उघड्या लिफ्ट. रॉबर्ट कल्प यांनी साकारलेला ट्रेंट हा नायक या इमारतीत अडकलेला असतो. त्याच्या काचेच्या हाताची तीन बोटे भविष्यातून आलेल्या शत्रूंच्या ताब्यात आहेत, आणि एकेक बोट परत बसवल्यावर तो हात त्याला थोडे थोडे अधिक सांगू शकतो. पाठलाग सगळा जिन्यांवरून वर-खाली चालतो. शत्रू कोणत्या मजल्यावर आहे, ट्रेंट कोठे आहे आणि दोघांमध्ये किती अंतर उरले आहे, हे पाहणाऱ्याला त्या उभ्या चौकाच्या पूर्ण उंचीवरूनच कळते. ज्या कथेची रचनाच उभी आहे तिची उंची कापणे म्हणजे नकाशातील रस्ते पुसून नकाशा विकण्यासारखेच म्हणावे लागेल, इतके कठोर शब्द मला वापरायचे नव्हते. परंतु हा भाग आपल्या संचातून पाहिल्यावर मला दुसरे शब्द सुचत नाहीत.

आता आपल्या उत्तराविषयी. ‘चित्रीकरण जुने असल्यामुळे असे दिसणे स्वाभाविक आहे’ आणि ‘आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून ग्राहकांच्या सोयीसाठी चित्र पूर्ण पडद्यावर दिले आहे’ अशी दोन वाक्ये त्यात आहेत, आणि ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. चौकट सोयीसाठी मुद्दाम बदलली असेल, तर जुन्या चित्रीकरणाला दोष देण्याचे कारण उरत नाही. शिवाय ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेली आहे आणि त्या फिल्मवरून उत्तम प्रत निघू शकते. २०१८ मध्ये अमेरिकेत ब्लू-रेवर तिची दोन्ही पर्वे मूळ चौकटीत निघालेली आहेत. राहिला सोयीचा प्रश्न. ज्या ग्राहकाला काळ्या पट्ट्या खटकतात त्याच्या टीव्हीच्या रिमोटवर चित्र मोठे करण्याचे बटण असते आणि ते दाबून तो पडदा भरून घेऊ शकतो. परंतु कंपनीनेच कापून दिलेला पट्टा परत आणणारे बटण कोणत्याही रिमोटवर नाही. मूळ चौकट दिली असती तर दोन्ही प्रकारच्या ग्राहकांची सोय झाली असती. आणि इतके करूनही वेष्टनावर ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द छापायचे, याला सोय म्हणता येत नाही.

दुसरी तक्रार डिस्कविषयी आहे. संचातील सर्व डिस्क दोन्ही बाजूंनी भरलेल्या आहेत, त्यामुळे त्यांवर नाव छापायला जागा नाही. मधल्या छिद्राभोवती अत्यंत बारीक अक्षरांत लिहिलेले क्रमांक भिंगाशिवाय वाचता येत नाहीत आणि डिस्क कशीही धरली तरी बोटे कोणत्या तरी भरलेल्या बाजूला लागतात. त्यातही एकाच खुंटीवर दोन दोन डिस्क अडकवलेल्या असल्यामुळे त्या एकमेकींवर घासतात. वेष्टनाचे प्लॅस्टिक मी स्वतः फोडले तेव्हाच त्यांवर ओरखडे होते. ‘द इनहेरिटर्स’ ही या मालिकेतील एकमेव दोन भागांची कथा. उल्केतील धातूपासून बनवलेल्या गोळ्या डोक्याला लागूनही वाचलेले चार सैनिक अचानक विलक्षण बुद्धिमान होतात आणि एकमेकांना न भेटता एकाच गुप्त कामाला लागतात. रॉबर्ट डुव्हाल यांनी साकारलेला तपास अधिकारी त्यांचा माग काढत राहतो. ते हे सारे कशासाठी करत आहेत याचा उलगडा दुसऱ्या भागाच्या अखेरीस होतो, आणि आपल्या डिस्कवर नेमका तेथेच पडदा गोठतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेअरवर आणि संगणकावरही ही डिस्क त्याच जागी अडकते, म्हणजे दोष माझ्या यंत्राचा नाही. आपल्या प्रतिनिधीने सुचवल्याप्रमाणे मऊ कापडाने पुसूनही त्यात काही फरक पडला नाही.

आणखी दोन गोष्टी केवळ नोंदीसाठी सांगतो. सेकंदाला २४ चित्रांच्या गतीची फिल्म २५ च्या गतीने डिस्कवर उतरवल्यामुळे ५१ मिनिटांचा भाग सुमारे ४९ मिनिटांत संपतो आणि आवाज व संगीत किंचित वरच्या पट्टीत ऐकू येते. ही पद्धत पाल (भारतातही वापरली जाणारी, सेकंदाला २५ चित्रांची दूरचित्रवाणी पद्धत) डिस्कच्या बाबतीत सर्रास वापरली जाते, म्हणून तिच्याबद्दल माझी स्वतंत्र मागणी नाही. परंतु ‘मूळ स्वरूपात’ म्हणताना तिचाही उल्लेख हवा होता. तसेच वेष्टनाच्या मागील बाजूस छापलेले रंगीत चित्र या कृष्णधवल मालिकेतील नसून त्याच नावाने १९९५ मध्ये सुरू झालेल्या नव्या मालिकेतील आहे.

हा संच मी केवळ घरी पाहण्यासाठी घेतला नव्हता. आमच्याकडे विज्ञानकथा वाचणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ नियमित भरते. त्यातील तरुण सभासद डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांपासून आजच्या लेखकांपर्यंत पुष्कळ काही वाचतात, परंतु साठच्या दशकातील दूरचित्रवाणीवर विज्ञानकथा कशी मांडली गेली हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही. मी फार वर्षांपूर्वी पाहिलेली ही मालिका त्यांच्यासोबत नव्याने पाहावी आणि तिच्यावर चर्चा करावी असे ठरले होते. ज्यांची या मालिकेशी पहिलीच ओळख होणार आहे, त्यांच्यासमोर ती कापलेल्या चौकटीत आणि शेवट नसलेल्या कथेसह ठेवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून तो कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. जो प्रेक्षक ही मालिका प्रथमच पाहील, त्याला आपल्याला काय मिळाले नाही हे कळण्याचा मार्गच नाही, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय तोच आहे.

तरी माझी मागणी अशी आहे की, ४:३ या मूळ चौकटीतील आणि एकाच बाजूने भरलेल्या डिस्कचा संच आपल्याकडे उपलब्ध असेल, तर सध्याचा संच स्वखर्चाने परत नेऊन तो मला द्यावा. तसा संच उपलब्ध नसेल तर टपालखर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. केवळ अडकणारी एक डिस्क बदलून देणे मला मान्य नाही, कारण तेवढ्याने मुख्य दोष दूर होत नाही. त्याचबरोबर संकेतस्थळावरील ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द काढून चित्राचे खरे प्रमाण तेथे स्पष्टपणे नमूद करावे, म्हणजे पुढच्या ग्राहकाला पैसे भरण्यापूर्वीच वस्तुस्थिती कळेल. ही शेवटची मागणी माझ्या रकमेच्या परताव्यावर अवलंबून नाही. रक्कम परत केली तरीही ती कायम राहील.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून, सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. या कायद्यानुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येत असल्यामुळे, आपले कार्यालय दुसऱ्या शहरात आहे ही बाब त्यात आड येणार नाही. तेथपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सोबत खरेदीची पावती, वेष्टनाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, कॅसेट आणि डिस्क यांवरील दृश्यांची तुलना करणारी छायाचित्रे आणि आपल्या ई-मेल उत्तराची प्रत जोडली आहे. माझे नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक पावतीवर आहेत.

कळावे.

आपला विश्वासू,
एक ग्राहक,
पुणे