ताराबाई, अंगण तुम्ही दाखवलंत

आदरणीय ताराबाई मोडक यांस,
सविनय नमस्कार.

१९४६ ते १९५१ तुम्ही मुंबई विधानसभेच्या सदस्य होतात. पूर्व आणि पश्चिम खानदेश तेव्हा मुंबई प्रांतातच होते, तेव्हा त्या नात्याने तुम्ही आम्हा खानदेशातल्या अंगणवाडी सेविकांच्याही आमदार. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ, एवढं झाल्यावर विधानसभेच्या बाकावर थांबला असतात तरी कुणी बोल लावला नसता. पण त्याच वर्षांत तुम्ही आणि तुमच्या सहकारी अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत खेड्यातल्या मुलांची नखं कापत, केस विंचरत होतात. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेलीत. पहिले आभार त्याचेच. सातपुड्यात एका घरापासून दुसरं घर म्हणजे एक टेकडी उतरून दुसरी चढणं. इथं ही रीत नसती तर तीन वर्षांचं लेकरू कुठवर चालणार होतं?

दुसरे आभार साधनांसाठी. माँटेसोरी पद्धतीची विकतची शिकण्याची साधनं खेड्याला परवडत नाहीत हे ओळखून तुम्ही गोटे, बिया, पानं, शिंपले हाती घेतलेत. पण स्वस्त म्हणजे ढिसाळ, असं होऊ नये. संख्येच्या दांड्या घ्या: दहा दांड्या, १० सेंटिमीटरपासून १०० पर्यंत, प्रत्येक आधीचीपेक्षा नेमकी १० ने मोठी. सगळ्या मिळून साडेपाच मीटर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली काडी, फुकट मिळते, पण ती शेंड्याकडे बारीक होत जाते. मुलाला लांबीचा फरक बघायचा की जाडीचा, कळत नाही. वाळलेल्या बांबूची एकसारखी कामटी घ्यावी, कडा घासाव्यात, दर १० सेंटिमीटरला गेरू आणि निळीचे आळीपाळीने पट्टे द्यावेत. एक दांडी जरी बोटभर चुकली तरी ९ आणि १ जोडून १० च्या बरोबरीला येत नाहीत. मग मुलाची चूक त्याला स्वतःला सापडत नाही, बाईंना सांगावी लागते; साधनाचा जीवच जातो.

मोजायला चिंचोके उत्तम, आधी धुऊन कडक उन्हात वाळवले तर लवकर कीड धरत नाहीत. पाकिटातलं रंगीत कपाशीचं बियाणं मात्र कधीच नको, त्याला औषध चोळलेलं असतं. तीन वर्षांखालच्यांना बिया देऊच नयेत, नाकात जातात. त्यांना मुठीत न मावणारे तापीचे गोटे.

आणि सगळ्यात मोठे आभार कोसबाडच्या विकासवाडीसाठी. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात. आई कापूस वेचायला गेली की तान्हं थोरल्या बहिणीच्या कडेवर येतं आणि तिचं शाळेत जाणं थांबतं, हे इथं प्रत्येक हंगामात दिसतं. बहिणीला शाळेत आणायचं तर आधी तान्ह्याला पाळणा हवा, हे तुम्ही ओळखलंत. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळाही काढलीत. खानदेशातल्या कितीतरी पाड्यांना अंगणवाडीशेजारी तो पाळणा अजून हवा आहे. तो मागताना आम्ही तुमच्याच कामाचा दाखला देतो.

तुमच्या ऋणी,
खानदेशातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस