पानांवर पेन्सिलीने आकडे घालणाऱ्या दादांस

दादा,

तुम्ही नाव घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. तुमचं रद्दीचं दुकान कुठल्या गल्लीत आहे तेही लिहीत नाही. पण पत्र चारचौघांत लिहिणार, हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्यासमोर उभी होते तेव्हा तोंडातून "थँक्यू दादा, थँक्यू" याच्यापुढे काही निघेना. खरं तर तेव्हा मला अर्धंच कळलं होतं. तुम्ही वाचवलेल्या माझ्या फाइली घरी नेऊन उघडल्या तेव्हा पूर्ण कळलं, आणि त्या रात्री मी बराच वेळ रडले.

घर हलवताना माझी जी ट्रंक हरवली, त्या ट्रंकेत काय होतं ते आधी सांगते, कारण तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

काडेपेट्यांवरची लेबलं. शाळेत असल्यापासून जमवते आहे. मुलीच्या जातीने पानाच्या गादीसमोरून रिकाम्या काडेपेट्या उचलाव्यात हे लालबागच्या आमच्या चाळीत कुणाला रुचायचं नाही. आईला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागायच्या. तिने मला कधी अडवलं नाही. उलट चिकटवायला कणकेची खळ तीच करून द्यायची. पुढे खळीला कसर लागते म्हणून मी ती सोडली, पण आईच्या खळीने चिकटवलेली पहिली पानं तशीच ठेवली होती. ती याच ट्रंकेत होती.

मामा अंबरनाथला राहायचा. विम्को ही १९२३ सालची काडेपेट्यांची कंपनी, तिचा कारखाना तिथे होता. नाक्याला आजही विम्को नाका म्हणतात. मामाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत कारखान्यातली माणसं होती, त्यामुळे मला कधीकधी न घडी घातलेल्या, सपाट, कोऱ्या पेट्या मिळायच्या. ज्याला हा नाद नाही त्याला त्यातला आनंद सांगून कळणार नाही. घोड्याचं तोंड, जहाज, चित्त्याशी झुंजणारा माणूस, चावी, हे छाप आपल्या सगळ्यांच्या घरात देवाच्या फळीवर आणि स्टोव्हच्या बाजूला होते. पण ती पेटी घडी पडायच्या आधी कशी दिसते, हे किती जणांनी पाहिलं असेल?

सगळ्यात जुनी लेबलं स्वीडन आणि जपानची. आपल्याकडे कारखाने नीट उभे राहण्याआधी काड्या बोटीने यायच्या, आणि इथल्या गिऱ्हाइकाला आवडावं म्हणून तिकडचे छापखाने लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ छापून पाठवायचे. समुद्रापलीकडे बसलेल्या कुणीतरी, ज्याने लक्ष्मीची मूर्ती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, तिची बोटं इतक्या नाजूकपणे काढली आहेत की भिंगाखाली बघत बसावं. नंतरची तामिळनाडूची, शिवकाशी, सातूर, कोविलपट्टीच्या छोट्या कारखान्यांची. देशात जी नवी वस्तू आली ती त्यांच्या पेटीवर आली: ट्रॅक्टर, रेडिओ, रॉकेट, टीव्ही, कॉम्प्युटर. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणसुद्धा. नावाजलेल्या छापाची नक्कल करायची, फक्त एखादं अक्षर बदलायचं, अशा पेट्यांचं माझ्याकडे वेगळं पान आहे. १९३४ साली सरकारने काड्यांवर कर बसवला; तो भरल्याची कागदी पट्टी पेटीवर चिकटवलेली असायची. पेटी उघडली की पट्टी फाटणार, म्हणून न फाटलेली पट्टी मिळाली की दिवस सोन्याचा. चोर बाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर जुना माल मांडतात, तिथे मला अशी एक मिळाली होती. आणि किंमत! पन्नास पैशांची पेटी २००७ मध्ये रुपयाची झाली, डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची. महागाईचा इतिहास कुणाला हवा असेल तर तो माझ्या पानांवर छापील आहे.

आता ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्याबद्दल. थोडक्यातच लिहिते, कारण त्यांना याहून जास्त जागा द्यायची नाही.

आमच्या इमारतीचं काम निघालं, घर रिकामं करायचं होतं, ऐन पावसात. सामान हलवणाऱ्या कंपनीच्या टेम्पोतून एक ट्रंक नव्या जागी उतरलीच नाही. फोन केला तर पहिला प्रश्न, "मॅडम, त्यात सोनं होतं का? कॅश होती का?" नव्हती म्हटल्यावर समोरच्या माणसाचा आवाजच बदलला, जणू मीच त्याचा वेळ खात होते. तक्रार द्यायला गेले तिथे विचारलं, "किंमत किती लिहू?" मी म्हटलं, आकडा नाही सांगता येणार. त्यांनी "जुने कागद" असं लिहून वही मिटली. एक ओळखीचे गृहस्थ, स्वतः जुन्या वस्तूंचे जाणकार, म्हणाले की सापडलंच तर त्यातली मोजकी परदेशी मी घेईन, बाकीच्यात फारसं काही नसणार. नातेवाईक म्हणाले, परत जमव. आईच्या खळीने चिकटवलेली पानं परत कुठून जमवू?

यातल्या कुणीही शिवीगाळ केली नाही. पण प्रत्येकाने पहिल्या वाक्यात किंमत विचारली, आणि उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून त्या गोष्टीकडे पाठ फिरवली. तुम्ही किंमत विचारली नाहीत. नंतरही नाही.

ट्रंक पत्र्याच्या भावाने कुठे गेली, कागद तुमच्यापर्यंत कसे आले, इस्त्रीवाल्याकडून माझा नंबर तुम्ही कसा काढलात, हे सगळं तुम्ही सांगितलंत. ते इथे लिहीत बसत नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतरचं.

ओली रद्दी तुम्ही घेत नाही, हे तुमच्या दुकानाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. वजन खोटं येतं आणि एक ओला गठ्ठा शेजारच्या दहा गठ्ठ्यांना बुरशी लावतो. माझ्या फाइली पाण्याने फुगल्या होत्या. त्या बाजूला फेकल्या असत्यात तर धंद्याच्या हिशोबाने ते बरोबरच होतं. तुम्ही त्या माळ्यावर नेल्यात, पंख्याखाली ठेवल्यात. पानांमध्ये कोरडा कागद घातलात. आणि वर्तमानपत्र नाही घातलंत, ज्याचे तुमच्याकडे छतापर्यंत थर आहेत, कारण त्याची शाई ओल्या कागदावर उतरते. शाळांच्या वह्या रद्दीत येतात, त्यांच्या मागची कोरी पानं फाडून घातलीत. ओली झाली की बदललीत. वर काट्याची वजनं ठेवलीत, पण पुठ्ठा मध्ये घालून, म्हणजे लोखंडाचा गंज लागायला नको. मोठ्या ग्रंथालयांत भिजलेली पुस्तकं वाचवायला याच जातीची पद्धत वापरतात, दादा. टीपकागद, वारा, हलकं वजन आणि सबुरी. तुम्हाला ती कुणी शिकवली नव्हती. तुम्हाला कागद कळतो.

एवढ्यावरच मी जन्मभर तुमची ऋणी राहिले असते. पण घरी फाइल उघडली आणि पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला बारीक १ दिसला. पुढच्यावर २. मग ३. शेवटपर्यंत.

फाइलींच्या नाड्या सोडल्याशिवाय पानं वाळणार नव्हती, आणि नाड्या सोडल्या की पानांचा क्रम जाणार. म्हणून तुम्ही आधी कडा वाळू दिल्यात, मग प्रत्येक पानावर आकडा घातलात आणि मगच नाड्या सोडल्यात. ओल्या कागदावर पेन्सिल रुतते. एकही आकडा रुतलेला नाही. मी फोन करून विचारलं, पेन्सिल का? तुम्ही म्हणालात, "पेनचं पुसता येत नाही ना ताई. वही तुमची आहे."

दादा, त्या क्रमाचं मोल काय होतं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. माझी पानं सालाप्रमाणे लावलेली नाहीत, कंपनीप्रमाणेही नाहीत. ती माणसांप्रमाणे आहेत. मामाची पानं आधी. मग चाळीतल्या एका काकांची, जे मिलमध्ये होते आणि बिडी सुटल्यावरही माझ्यासाठी मित्रांकडून रिकाम्या पेट्या आणायचे. मग भावाची, तो नोकरीनिमित्त जिथे जिथे बदलून गेला त्या गावांची, त्याच क्रमाने. कन्याकुमारीच्या सहलीचं पान, त्यामागे बाबा गेले त्या वर्षाचं जवळजवळ रिकामं पान. कुठेही नाव नाही, तारीख नाही. शेजारी काय आहे यावरूनच मला कळतं की हे कुणी दिलं. लेबलं सगळी वाचली असती आणि पानं पिसली गेली असती, तर बाहेरच्या माणसाला संग्रह पूर्ण दिसला असता आणि माझ्यासाठी तो संपला असता. ते जाणकार गृहस्थ याला "बाकीचं" म्हणाले होते.

तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्हाला एवढंच दिसलं की कुणीतरी हे विचार करून लावलं आहे, आणि त्याला हात लावायचा अधिकार आपला नाही. काडेपेटीची लेबलं म्हणजे काय, ती कशाला जमवायची, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलही. पण त्याचं उत्तर मिळेपर्यंत तुम्ही माझं रचलेलं मोडलं नाहीत.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी अनेकदा जाते. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, कुलुपं, वाड्यांचे दरवाजे जमवले, आणि लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते संग्रहालय केलं. आज तिथे २०,००० च्या वर वस्तू आहेत. माणूस तिकीट काढून आत गेला की कुणी विचारत नाही, अडकित्ता कशाला जपायचा. केळकरांचं आणि त्यांच्या बरोबरीने राबलेल्या कमलाबाईंचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. पण मला तिथे गेलं की वाटतं, एखाद्या वाड्यात कुणीतरी तो अडकित्ता मोडीत घालायच्या आधी थांबलं असेल, हा कुणाच्या तरी हातातला आहे, राहू दे, असं म्हटलं असेल. त्या माणसाचं नाव कुठल्याही पाटीवर नसतं. जमवणारा एकटा काही जमवू शकत नाही. त्याच्यामागे फेकणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून न फेकणारी अशी माणसं लागतात.

तुमच्या गल्ल्याखाली एक खोका मी पाहिला. तुम्ही तो दाखवला नव्हता, सुट्टे काढायला वाकलात तेव्हा दिसला. रद्दीतून निघालेल्या मार्कशिटा, एक लग्नाचा फोटो, कुणाचा तरी जातीचा दाखला, पोस्टाचं पासबुक. "येतात लोक शोधत, कधी सहा महिन्यांनी," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात. मुंबईत सज्जन माणसं उरली नाहीत असं आमच्या ट्रेनच्या डब्यात रोज कुणीतरी म्हणतं. आता मी त्या बाईला तुमच्या खोक्याबद्दल सांगते. इस्त्रीवाल्याबद्दलही सांगते, घड्या घालताना खिशात सापडलेल्या नोटा तो कागदात गुंडाळून कपड्यांवर टाचतो. ही माणसं आपण काही मोठं करतोय असं समजत नाहीत. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचं, एवढंच त्यांना ठाऊक असतं, आणि तेवढ्यावर या शहरात माझ्यासारख्यांचं आयुष्य चाललेलं आहे.

पैशांचंही लिहायचं आहे. मी पाकीट पुढे केलं, तुम्ही फाइली काट्यावर ठेवल्यात, रद्दीच्या भावाने झाले तेवढे घेतलेत आणि बाकीचे परत केलेत. माळ्यावरची जागा, पंखा, पानं बदलायला गेलेल्या तुमच्या संध्याकाळी, यातलं काही त्या हिशोबात नव्हतं. मी वाद घातला नाही. तुमच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की जास्त दिले तर तुम्हाला वाईट वाटेल. ते आकडे मी पुसणार नाही, एवढं मात्र माझं मी ठरवलं आहे. तुम्ही पुसता यावेत म्हणून पेन्सिलीने घातलेत, तरी.

एक काम राहिलं आहे. ४१ आणि ४२ ही पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. तुम्ही ती ओढून सोडवली नाहीत, जोडीनेच वाळवलीत आणि दोन्ही आकडे एकाच कोपऱ्यात लिहिलेत. बरं केलंत. त्यांच्यावर आईची खळ आहे, कोमट पाण्यात ती हळूहळू सुटते. घाई केली तर रंग पाण्यात उतरतो, लाल सगळ्यात आधी. पाऊस थांबला आणि हवा जरा कोरडी झाली की एका रविवारी दुपारी, तुमचं दुकान बंद असतं तेव्हा, मी ती सोडवायला घेणार आहे. मला दुसरे दोन हात लागतील, कागद कळणारे. घरच्यांना घेऊन या. नवा पत्ता इस्त्रीवाल्याकडे दिला आहे. स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटं, आणि लिफ्ट चालू आहे. वह्यांची कोरी पानं मात्र तुम्हीच घेऊन या, माझ्याकडे तेवढी नाहीत.

तुमची,
काडेपेटीवाल्या ताई