लेकरं घरीच राहिली

मालक गेल्यावर ‘लेकरं बालगृहात ठेव’ असं जवळची माणसंही सांगत होती. माझा जीव धजेना. आमच्या अंगणवाडीताईंनी बालसंगोपन योजनेचं सांगितलं: मुलामागे महिन्याला 2,250 रुपये, आणि मूल आईजवळच. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, सगळं त्यांनीच जुळवून दिलं. बाल कल्याण समितीपुढे शेजारी बसल्या. गृहचौकशीला आलेल्या ताईंनी रिकामे डबे पाहिले, पण मला मान खाली घालू दिली नाही. बचत गटाने शिलाई मशीनला कर्ज दिलं. मी कामावर असताना गटातल्या बायांनी पोरांना जेवू घातलं, ते तर कुठल्याच योजनेत बसत नाही! नावं लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. तायांनो, बायांनो, तुमचे मनापासून आभार.